ससा आणि बूट

शनिवारची दुपार. जेवण जरा अंगावर आलेलं, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि लेक (वय वर्षं सहा) "बाबा, काहीतरी लाव ना" म्हणून मागे लागलेली. मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "चल, तुला माझ्या लहानपणचा पिक्चर दाखवतो." हे वाक्य ज्यांनी ज्यांनी कधी उच्चारलंय त्यांना त्यातला धोका माहीत आहे. दहा वर्षांपूर्वी आपणच लिहिलेला कोड उघडून बघावा तसं होतं ते. आठवणीत तो फार सुंदर असतो.

पिक्चर होता 'स्पेस जॅम'. १९९६ सालचा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत गोष्ट: अंतराळातल्या एका डबघाईला आलेल्या अम्युझमेंट पार्कचा मालक बग्ज बनी आणि मंडळींना पकडून आणायला आपले टिल्लू पित्ते पाठवतो. बग्ज त्यांना बास्केटबॉलच्या मॅचचं आव्हान देतो, पित्ते एनबीएच्या पाच खेळाडूंचं कसब चोरून राक्षस होतात, आणि मग आपली कार्टून मंडळी मायकेल जॉर्डनला गोल्फच्या भोकातून थेट खाली ओढून घेतात. बाकी सगळी मॅच.

आमच्याकडे हा आला तो व्हीसीडीवर, नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी. अण्णा (म्हणजे माझे वडील) शनिवारी ऑफिसातून येताना स्टेशनजवळच्या लायब्ररीतून एखादी व्हीसीडी घेऊन यायचे. अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा सिनेमा, पण एका डिस्कवर मावायचा नाही, म्हणून दोन डिस्क. पहिल्या डिस्कची सुरुवातीची काही मिनिटं दादा दर वेळी पुढे ढकलायचा, कारण त्यात ससा नव्हता. आणि दुसऱ्या डिस्कवर ओरखडा होता. शेवटच्या काही सेकंदांत जॉर्डन हवेत झेपावतो, त्याचा हात रबरासारखा लांब लांब होत जातो... आणि चित्र तिथेच थिजायचं. फडक्याने पुसून झालं, फुंकर मारून झाली, टूथपेस्टही लावून झाली. पुढे काय झालं हे मला कितीतरी वर्षं फक्त अंदाजाने माहीत होतं.

जॉर्डन कोण हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बास्केटबॉल म्हणजे शाळेच्या मैदानात एक गंजलेली रिंग होती, तेवढंच. आमच्या लेखी हा बग्ज बनीचा पिक्चर होता. हिंदी सिनेमात हीरोच्या जोडीला कुत्रा नाहीतर कबूतर असतं, तसा इथे सशाच्या जोडीला एक उंच, टकला माणूस घेतला होता. बरा काम करतो, असं अण्णांचंही मत पडलं होतं.

आता वय वाढल्यावर, शिवाय २०२० च्या लॉकडाऊनमध्ये 'द लास्ट डान्स' ही जॉर्डनवरची मालिका दहाच्या दहा भाग बघून झाल्यावर, कळतं की प्रकार नेमका उलटा होता. सिनेमा माणसाचा होता. ससा जोडीला होता. आणि दोघेही, खरं सांगायचं तर, एका बुटाच्या जोडीला होते.

ते असं.

१९९२ च्या जानेवारीत अमेरिकेत सुपर बोलच्या वेळी नाइकेची एक जाहिरात झळकली. नाव 'हेअर जॉर्डन'. एअर जॉर्डन या बुटावरची कोटी. हेअर म्हणजे ससा. बग्ज बिळात झोपलेला, वर बास्केटबॉल खेळणारी चार दांडगी माणसं त्याला त्रास देतात, जॉर्डन येतो आणि दोघं मिळून त्यांची जिरवतात. लोकांना भयंकर आवडली. पुढच्या वर्षी मार्व्हिन मार्शियनला घेऊन दुसरी काढली. दिग्दर्शक होता जो पिटका, जाहिरातींच्या धंद्यातलं मोठं नाव. जॉर्डनचा एजंट डेव्हिड फॉक याच्या डोक्यात आलं की आता याचा सिनेमा करू. वॉर्नर ब्रदर्स तयार झाले, 'घोस्टबस्टर्स'वाला आयव्हन राइटमन निर्माता म्हणून आला आणि दिग्दर्शक म्हणून पुन्हा पिटकाच. म्हणजे साठ सेकंदांची जाहिरात ताणून अठ्ठ्याऐंशी मिनिटांची केली. जॉर्डनच्या शेवटच्या हातासारखी.

सिनेमा हे लपवतही नाही म्हणा. जॉर्डनच्या मागेमागे करणारा तो जाड्या स्टॅन एका दमात चड्डी, बूट, सीरिअल, सरबत आणि बर्गर अशा पाच ब्रँडांची नावं घेतो, आणि पाचही जॉर्डन तेव्हा खरोखर विकत होता. डॅफी डक स्वतःच्या पार्श्वभागावरचा वॉर्नरचा शिक्का दाखवून त्याचा मुका घेतो. बग्ज आणि डॅफी आपापसात बोलतात की मगांवर, टीशर्टांवर, डब्यांवर आपली थोबाडं असतात, पण आपल्याला त्यातला छदामही मिळत नाही. लहानपणी हा विनोद डोक्यावरून गेला होता. आता हसू आलं, आणि मग जरा कसंनुसं झालं. चोराने चोरी करताना डोळा मारावा, तसं.

आता हाच विनोद छप्पन वर्षं आधी झाला होता, तो बघा. १९४० साली फ्रिझ फ्रेलेंगने 'यू ऑट टू बी इन पिक्चर्स' नावाची छोटी फिल्म केली. तिच्यात डॅफी हा पोर्की पिगला फूस लावतो की इथलं कॉन्ट्रॅक्ट फाड, बाहेर जा, तुला जास्त पैसे मिळतील (डॅफीला अर्थात पोर्कीची जागा हवी असते). पोर्की मग खऱ्याखुऱ्या मालकाच्या, लिऑन श्लेसिंगरच्या, टेबलावर चढून राजीनामा देतो. श्लेसिंगर स्वतः कॅमेऱ्यासमोर बसलाय! चित्रातली पात्रं आणि हाडामांसाची माणसं एका चौकटीत, तेही १९४० मध्ये. तिथेही विषय पैशाचाच, पण टोपी उडवली जातेय ती समोर बसलेल्या मालकाची. 'स्पेस जॅम'मध्ये टोपी उडवल्यासारखं करून मालक तीच टोपी आपल्याला विकतो.

ही मंडळी कुठून आली ते थोडं सांगतो, कारण माझा खरा जीव तिथे अडकलाय. तीसच्या दशकात हॉलिवूडमध्ये वॉर्नरच्या आवारात एक मोडकळीला आलेली लाकडी इमारत होती. तिला लागलेल्या वाळवीवरून पोरांनी तिचं नाव ठेवलं टर्माइट टेरेस. टेक्स एव्हरी, बॉब क्लॅम्पेट, चक जोन्स तिथे बसायचे. सगळे विशी-पंचविशीतले, पगार बेताचा. (स्टार्टअपवाल्यांनो, ओळख पटतेय का?) १९४० च्या 'अ वाइल्ड हेअर'मध्ये एव्हरीने जो ससा दाखवला तो खरा बग्ज बनी. समोर बंदूकवाला शिकारी आणि हा गाजर चघळत शांतपणे चौकशी करतोय. आवाज मेल ब्लँकचा, संगीत कार्ल स्टॉलिंगचं. फिल्म सहा-सात मिनिटांची, मुख्य सिनेमाच्या आधी थेटरात दाखवायची. म्हणजे प्रेक्षक मोठी माणसं. फक्त पोरांसाठी असं कोणी त्या बनवल्याच नव्हत्या.

आणि बग्जचा स्वभाव जोन्सने नियमात बांधला होता: तो आपणहून कोणाच्या वाटेला जात नाही. तो आपल्या बिळात सुखी असतो. कोणीतरी येऊन डिवचतं, आणि मग तो एकटा, हसत हसत, त्या माणसाचं पार भजं करून टाकतो. आपल्या पंचतंत्रातला तो ससा आठवा, सिंहाला विहिरीत त्याचंच प्रतिबिंब दाखवून बुडवणारा. तो काही हत्तीला सोबत घेऊन गेला नव्हता.

'स्पेस जॅम'मध्ये बग्ज हत्तीला बोलावतो.

चक जोन्स तेव्हा ऐंशी पार केलेला, पण खणखणीत होता. त्याला सिनेमा अजिबात आवडला नाही. त्याचा आक्षेप नेमका हाच होता की बग्जला कोणाच्या मदतीची गरज पडूच शकत नाही, सात मिनिटांत त्याने त्या परग्रहवाल्यांचा निकाल लावला असता. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हाताऱ्याची कुरकुर वाटली होती. या शनिवारी पुन्हा पाहिला आणि म्हातारा बरोबर होता. सिनेमाच्या सुरुवातीला एक झकास जागा आहे: पित्ते बुटके आहेत हे हेरून बग्ज मुद्दाम उंच माणसांचा खेळ निवडतो. हा खरा बग्ज! पण ती युक्ती फसते आणि तिथून पुढे तो हात टेकतो. जॉर्डनच्या बाटलीतलं साधं पाणी 'गुप्त औषध' म्हणून सगळ्यांना पाजतो ती एक गंमत सोडली तर उरलेला वेळ तो ससा नसून चीअरलीडर आहे. आणि लोला. ही सशीण खास या सिनेमासाठी बनवलेली. उत्तम खेळते, सुंदर दिसते आणि तिच्या वाट्याला एक धड विनोद नाही. जिथे प्रत्येकाचं तोंड फुटतं, शेपटी जळते, तिथे तिचा केसही विस्कटत नाही. डब्यावर छापायला बरी. २०२१ च्या दुसऱ्या भागात तिचं रूप बदललं त्यावर नेटवर बरंच रणकंदन झालं; तिच्या विनोदाबद्दल त्या गदारोळात फारसं कोणी बोललं नाही.

पण थांबा. जुनं ते सगळं सोनं असं म्हणून मी मोकळा होणार नाही. १९४४ साली याच बग्जला घेऊन जपान्यांवर एक युद्धकालीन फिल्म काढली होती, ती आज बघवत नाही. काळ्या माणसांची टिंगल करणाऱ्या अकरा फिल्म तर १९६८ मध्येच टीव्हीवरून कायमच्या काढून घेतल्या. आणि 'स्पेस जॅम' मधली कारागिरी, तीसुद्धा काही अशीतशी नाही. जॉर्डन हिरव्या खोलीत हिरव्या कपड्यांतल्या कॉमेडियन मंडळींशी खेळत होता, नंतर त्यांच्या जागी हाताने काढलेली चित्रं कॉम्प्युटरवर बसवली. सशाच्या अंगावर उजेड-सावली, कॅमेरा गरागरा फिरतोय आणि तरी चित्र हलत नाही. १९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'मध्ये हेच काम फिल्मवर, ऑप्टिकल प्रिंटरने केलं होतं, आणि रॉजरच माझ्या मते दोघांत सरस. पण १९९६ च्या मशीन कसल्या होत्या ते ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं मोल कळेल. त्या सिनेमाची वेबसाइटही तशीच. काळ्या आकाशावर तारे, गोल ग्रहांची बटणं, सगळं एचटीएमएलच्या टेबलात मांडलेलं. ती वर्षानुवर्षं कोणी हात न लावता तशीच राहिली, २०१० च्या सुमारास लोकांना अचानक सापडली, आणि २०२१ मध्ये नवा सिनेमा आला तेव्हाही जुनी पानं न उडवता बाजूला हलवून ठेवली. कोणीतरी इंजिनिअर त्या मीटिंगमध्ये भांडला असणार असा माझा कयास आहे. त्याला माझा दंडवत.

शिवाय एक गोष्ट मान्य करायलाच हवी. मी ज्याला 'अस्सल' बग्ज म्हणून गळे काढतोय तो तरी मला कसा भेटला? भारतात कार्टून नेटवर्क आलं १ मे १९९५ ला. (महाराष्ट्र दिनी! योगायोग, पण लक्षात राहतो.) दिवसभर कार्टून, रात्री त्याच चॅनलवर टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे. मालक टेड टर्नर. वॉर्नरने १९५६ मध्ये आपल्या जुन्या सिनेमांचं भांडार विकून टाकलं होतं, त्यात १९४८ पर्यंतची रंगीत कार्टूनं गेली. ती या हातातून त्या हातात फिरत १९८६ मध्ये टर्नरकडे आली, आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये टर्नरची कंपनीच टाइम वॉर्नरने घेतली. 'स्पेस जॅम' लागला १५ नोव्हेंबर १९९६ ला. म्हणजे घरच्या सशाची दोन अर्धी पुन्हा जोडली गेली आणि महिन्याभरात तो बूट घालून पडद्यावर आला. डोंबिवलीतल्या एका चाळवजा इमारतीत, एक शब्द इंग्रजी न कळता, निव्वळ कार्ल स्टॉलिंगच्या संगीतावर आणि आपटण्याच्या टायमिंगवर खिदळणारं एक पोर होतं. ते या सगळ्या सौद्यांच्या अगदी शेवटच्या टोकाला बसलेलं गिऱ्हाईक होतं. हिंदी डबिंग आलं ते नंतर. तोवर आम्ही मुकाट हसलो.

या सौद्यांना अजून अंत नाही. २००३ मध्ये जो डांटेने 'बॅक इन ॲक्शन' काढला, जोन्सच्या बाजूने उभा राहून, 'स्पेस जॅम'चा वचपा काढावा तसा. लूव्ह्र म्युझियममधल्या चित्रांत शिरून केलेली पळापळ त्यात आहे, ती जोन्सला आवडली असती. सिनेमा आपटला. २०२१ च्या दुसऱ्या भागात व्हिलन म्हणजे एक अल्गोरिदम. आमच्या धंद्यावरच आलं की! २०२३ मध्ये वॉर्नरने 'कायोटी व्हर्सेस ॲक्मी' हा तयार सिनेमा हिशोबाच्या वहीसाठी कपाटात टाकला, २०२५ मध्ये तो दुसऱ्या कंपनीने विकत घेतला. त्याच वर्षी मार्चमध्ये मूळ कार्टूनं वॉर्नरच्या स्वतःच्या मॅक्सवरून काढून टाकली गेली. 'स्पेस जॅम' मात्र मला दोन क्लिकमध्ये मिळाला.

तर शनिवार. मी लावला. रिमोट माझ्या हातात, आणि पुढे ढकलायला दादा नाही. त्यामुळे सुरुवातीची ती ससा नसलेली मिनिटं मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली.

रात्र आहे. अंगणात एक पोरगा एकटाच बास्केटमध्ये बॉल टाकतोय. बाप बाहेर येतो, मध्यरात्र उलटून गेली म्हणतो. पोरगा म्हणतो झोप येत नाही. बाप रागावत नाही, आणखी एक टाक म्हणतो. मग दोघं बोलतात. पोरगा सांगतो मी अमुक कॉलेजात जाणार, मग एनबीएत खेळणार, आणि मग तुमच्यासारखा बेसबॉल खेळणार.

तो बाप म्हणजे जेम्स जॉर्डन. खरा जेम्स जॉर्डन १९९३ च्या जुलैमध्ये हायवेच्या कडेला गाडी लावून थोडा डोळा लागला असताना गोळी घालून मारला गेला. ऑक्टोबरमध्ये मुलाने बास्केटबॉल सोडला, जगात सर्वांत वर असताना, आणि बेसबॉल खेळायला गेला, कारण बापाला तो खेळ आवडायचा. बर्मिंगहॅम बॅरन्स नावाच्या दुय्यम संघात. सरासरी .२०२, म्हणजे पाचात एकदा कुठे बॅट नीट लागायची. लोकांनी यथेच्छ चेष्टा केली. सिनेमातही ती चेष्टा आहे, आणि त्याच्या परतण्याचं श्रेय ससे-बदकांकडे जातं. प्रत्यक्षात १९९४ च्या ऑगस्टपासून बेसबॉलमध्ये संप होता, मालक बदली खेळाडू उतरवायच्या तयारीत होते, आणि संपकऱ्यांच्या जागी खेळायला तो राजी नव्हता. मार्च १९९५ मध्ये त्याने दोन शब्दांचं पत्रक काढलं, परत आलोय एवढंच. त्या मोसमात हरला. उन्हाळ्यात हा सिनेमा केला, आणि स्टुडिओच्या आवारात त्याच्यासाठी खास कोर्ट उभारून दिलं होतं तिथे दिवसभराच्या शूटिंगनंतर रोज सराव केला. पुढच्या मोसमात त्याच्या संघाने ८२ पैकी ७२ मॅच जिंकल्या. अंतिम विजय १६ जून १९९६ ला, तो निघाला फादर्स डे. ड्रेसिंग रूमच्या फरशीवर पालथा पडून, बॉल उराशी धरून तो रडत होता. ते फुटेज मी लॉकडाऊनमध्ये पाहिलं होतं. सिनेमा लागला त्यानंतर पाच महिन्यांनी.

म्हणजे तो प्रसंग लिहिला तेव्हा बाप जाऊन दोन वर्षंही झाली नसतील. कोणाला सुचलं असेल? जॉर्डनने होकार कसा दिला असेल? बापाचं मरण घेऊन त्यावरून बुटांच्या जाहिरातीत जायचं, हा निर्लज्जपणा आहे की श्राद्ध, मला ठरवता येईना. त्यात पार्श्वभूमीला आर. केलीचं ते उडण्याचं गाणं. त्याला तीन ग्रॅमी मिळाल्या. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला ते दर वर्षी कोणीतरी म्हणायचं. बायकापोरींवरच्या अत्याचारांसाठी गायकाला २०२१ मध्ये दोषी ठरवलं, २०२२ मध्ये तीस वर्षांची शिक्षा झाली. ते कानावर पडलं की आता अंग आकसतं. आणि पडद्यावर तो बाप म्हणतोय की एवढं सगळं केलंस तर तू उडूही शकशील.

अण्णा २०१८ मध्ये गेले. ते कधी इतकं नाटकी बोलले नसते. त्यांनी डिस्कला टूथपेस्ट लावून बघितली होती, आणि नाही चालली तेव्हा रविवारी सकाळी लायब्ररीवाल्याशी भांडून दुसरी प्रत आहे का विचारून आले होते. नव्हती.

"बाबा," लेक म्हणाली, "ससा कधी येणार? पुढे कर ना."

"थांब जरा," मी म्हटलं. "एवढं होऊ दे."

ती उठून पाणी प्यायला गेली. आली तेव्हा ससा आलेला होता. मग सगळा पिक्चर तिने पाय वर घेऊन, एक अक्षर न बोलता पाहिला. शेवटी जॉर्डनचा हात लांब होत गेला, बॉल रिंगमध्ये गेला, ७८-७७. मला ते नेटवरून कधीच कळलं होतं, तरी मी श्वास रोखला होता. तिने विचारलं, "हा माणूस कोण आहे?"